लिहिलेला शब्द आणि वाचलेला सूर

अमरावतीकरांना 1897 च्या डिसेंबरची आठवण निराळी करून द्यावयास नको. त्या महिन्यात येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. अध्यक्ष शंकरन नायर होते व स्वागताध्यक्ष आपले दादासाहेब खापर्डे. लोकमान्य टिळक त्या वेळी तुरुंगात होते, आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जींनी ह्याच अधिवेशनात त्यांच्याविषयी मोठ्या कळवळ्याचे उद्गार काढले. टिळकांचा तुरुंगवास हा जसा राजकारणाचा विषय, तसाच तो वाचनाचाही आहे. आज आपण ह्या दुसऱ्या बाजूकडे पाहू.

ज्या मजकुरावरून खटला झाला तो 'केसरी'त 15 जून 1897 रोजी छापला गेला होता. शिवराज्याभिषेकाच्या उत्सवाचा वृत्तान्त आणि शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेले एक काव्य, एवढाच तो मजकूर. रँडवर गोळी झाडली गेली 22 जूनला. मजकूर आधीचा, गोळी नंतरची. पण सरकारने तो वाचला गोळीचा आवाज कानांत ठेवून. न्यायमूर्ती स्ट्रेची ह्यांनी तर कायद्यातील 'डिसअफेक्शन' ह्या शब्दाचा अर्थ 'प्रीतीचा अभाव' असा ज्युरीला सांगितला. सरकारवर प्रेम नसणे हाच गुन्हा ठरल्यावर कोणता सूर निर्दोष ठरणार? सहा युरोपियन ज्युरर एका बाजूस, तीन हिंदी दुसऱ्या बाजूस, असा कौल पडला आणि दीड वर्षाची सक्तमजुरी झाली.

1908 साली हाच प्रकार अधिक कठोरपणे घडला. मुजफ्फरपूरचा बाँब 30 एप्रिलला पडला. त्यानंतर 'केसरी'त 12 मे रोजी 'देशाचे दुर्दैव' आणि 9 जून रोजी 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे लेख आले. दुसऱ्या लेखाचा मथळाच पाहा. मित्राने वाचला तर तो सल्ला आहे. भ्यालेल्या सत्ताधाऱ्याने वाचला तर तीच धमकी आहे. अक्षरे मात्र तीच.

त्यात कोर्टापुढे होते इंग्रजी भाषांतर. टिळकांनी सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी केली, भाषांतरातील दोष दाखविले आणि एकवीस तासांहून अधिक वेळ स्वतःचा बचाव केला. भाषांतराची अडचण आपणांस घरबसल्या कळेल. अकोल्याकडचा माणूस 'काहून जी?' असे विचारतो तेव्हा त्या 'जी'मध्ये केवढा मान असतो! तोच प्रश्न नुसता 'का?' असा कागदावर उतरला की दरडावणी वाटते. मग परक्या भाषेत तो कसा ऐकू येत असेल? सात विरुद्ध दोन अशा मताने टिळक दोषी ठरले. सहा वर्षे काळे पाणी आणि एक हजार रुपये दंड! त्याच्या अपिलासाठी आपले दादासाहेब विलायतेस गेले. परंतु उपयोग झाला नाही.

टिळकांचे लेख मवाळ होते, असे आम्ही म्हणत नाही. त्यांत संताप होताच. परंतु संताप वेगळा आणि चिथावणी वेगळी. हा भेद एखादे वाक्य तोडून काढल्याने दिसत नाही.

हे पुढे न्यायालयानेही मानले. 1916 साली बेळगाव व नगर येथील व्याख्यानांवरून टिळकांकडे वीस हजारांचा जातमुचलका आणि दोन जामीन मागण्यात आले. व्याख्याने बोललेली, पण कोर्टापुढे आली ती पोलिसांनी टिपलेल्या कागदावरून. उच्च न्यायालयात न्यायमूर्ती बॅचलर व शहा ह्यांनी ती एकसंध वाचून त्यांचा एकंदर परिणाम पाहिला आणि 9 नोव्हेंबर रोजी हुकूम रद्द केला. वक्ता तोच होता, मतेही फारशी बदलली नव्हती. वाचण्याची रीत बदलली होती.

आपल्या घरच्या पत्रव्यवहारात कोणी काळ्या पाण्यावर जात नाही, हे खरे. पण एका ओळीवरून भाऊबंदकी पेटते, वर्षानुवर्षांचे स्नेह तुटतात. म्हणून कोणाचा मजकूर डाचला तर तो आरंभापासून शेवटपर्यंत पुन्हा वाचावा, आणि तो वाचण्यापूर्वी आपल्या मनात कोणता आवाज घुमत होता, हेही तपासावे. शक्य असल्यास उत्तर लिहिण्याऐवजी त्या माणसाच्या घरी जावे.