रेडिओ नाटक आणि पेपरची बातमीदारी : गावातून कसं शिरायचं, हातात काय पडतं?

रेडिओच्या नाटकात काम करायचंय किंवा पेपरात बातमीदार व्हायचंय, असं म्हणणारी मुलं-मुली प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यासाठी गाव सोडून पुण्या-मुंबईला जायलाच पाहिजे असं नाही. पण नोकरी वेगळी आणि मानधन वेगळं, हे आधी नीट समजून घ्या.

रेडिओ : स्वरचाचणी कशी असते?

रेडिओवरच्या नाटकाला नभोनाट्य म्हणतात, छोटं असेल तर श्रुतिका. आकाशवाणीची केंद्रं सांगली, परभणी, जळगाव, रत्नागिरी अशा ठिकाणीही आहेत. नाट्यकलाकार व्हायचं तर केंद्राची स्वरचाचणी द्यावी लागते. ती बारमाही चालू नसते, त्यामुळे जवळच्या केंद्रात जाऊन किंवा फोन करून पुढची चाचणी कधी, ते विचारून ठेवा. चाचणीत माइकसमोर संवाद वाचायला देतात. पास झालात की श्रेणी मिळते : बी, बी हाय, ए आणि टॉप. पैसे श्रेणीप्रमाणे, तेही कार्यक्रमाला बोलावणं आलं तरच. नुसत्या यावर घर चालत नाही.

गावच्या नाटकात, तमाशात गाजलेली माणसं इथं हमखास अडतात. स्टेजवर शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायची सवय असते. माइकपुढे तसं केलं की चाचणी गेलीच म्हणायची. माइक म्हणजे कानाशी बसलेला माणूस समजा. प, फ, भ थेट माइकवर बोलले तर फुंकर मारल्यासारखं ऐकू येतं, म्हणून तोंड जरा तिरकं ठेवायचं. लांबून हाक मारल्यासारखं दाखवायचं तर ओरडायचं नाही, माइकपासून बाजूला सरकायचं. कागदाची सळसळसुद्धा रेकॉर्ड होते. घरी मोबाईलवर रोज पानभर वाचून रेकॉर्ड करा आणि स्वतःचं ऐका. पहिले आठ दिवस लाज वाटेल, वाटू द्या.

बोलीची लाज मात्र नको. ग्रामीण पात्राला ती लागतेच. निवेदनासाठी प्रमाण मराठीही यायला हवी, एवढंच. व्यंकटेश माडगूळकर आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे. शाळा अर्धवट राहिली, तरी पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण कार्यक्रमांत त्यांनी कित्येक वर्षं काम केलं. शिवाय सामुदायिक रेडिओ आहेत, जसा माण तालुक्यात म्हसवडचा माणदेशी तरंग. तिथं गावातल्याच माणसांचे आवाज लागतात.

पेपर : तालुका वार्ताहर

बहुतेक तालुका वार्ताहर पगारी नसतात. थोडं मानधन आणि जाहिरातीवर कमिशन, असा हिशोब असतो. खरी गोची इथंच आहे. ज्याच्याकडून वाढदिवसाची जाहिरात आणली, त्याच्याविरुद्ध बातमी देताना हात अडखळतो. म्हणून शेती किंवा दुकान सांभाळून बातमीदारी करणारा जास्त मोकळेपणानं लिहू शकतो, असं आमचं मत.

शिक्षण घ्यायचं तर पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट आहे, अमरावतीत भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र आहे, आणि घरी राहून शिकणाऱ्यांना यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. पण सवय गावातच लागते. ग्रामसभेला जाऊन ठराव लिहून घ्या. पाणी योजनेचा खर्च विचारायचा तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. ज्याच्यावर आरोप आहे त्याला फोन केल्याशिवाय बातमी पाठवू नका.

पैसे भरून कार्ड घेऊ नका

‘डिपॉझिट भरा, प्रेस कार्ड घ्या’ असे मेसेज व्हॉट्सअॅपवर फिरतात. चांगला पेपर वार्ताहराकडून नेमणुकीचे पैसे घेत नाही. सरकारची अधिस्वीकृतीपत्रिका माहिती व जनसंपर्क महासंचालनालय देतं, तीही अनुभव आणि कागदपत्रं तपासून. पेपरची नोंदणी आहे का, तेही आधी बघा. पत्रकारांवरच्या हल्ल्याविरोधात महाराष्ट्रात 2017 चा कायदा आहे. पण उद्या वेळ आली तर तुम्ही त्या पेपरचे वार्ताहर आहात हे दाखवायला कागद लागेल. म्हणून पहिली बातमी पाठवण्याआधी संपादकांकडून नेमणुकीचं पत्र सही-शिक्क्यानिशी घ्या.