निकालावर अनुदान आणि डांगातील शाळा : इगतपुरीच्या संदर्भात एक विचार

शाळेला द्यावयाचा सार्वजनिक पैसा कोणत्या मापाने मोजावा, हा प्रश्न महाराष्ट्राला नवीन नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मुंबई इलाख्यात त्याचे एक उत्तर दिले गेले व ते दीर्घकाळ अंमलात राहिले. जो विद्यार्थी परीक्षेत उतरेल त्याच्यापुरते अनुदान, असे ते उत्तर होते. या पद्धतीचा इतिहास शिक्षणखात्याच्या कारभाराचा इतिहास म्हणून सांगितला जातो. डोंगराळ व विरळ वस्तीच्या मुलखाकडून पाहिले असता तिचे निराळे स्वरूप दिसू लागते. असा मुलूख म्हणून येथे इगतपुरी तालुक्याचा विचार केला आहे.

इ. स. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खाजगी शाळांना सरकारी साहाय्य देण्याचे तत्त्व मान्य केले. ते साहाय्य वाटण्याची रीत मात्र प्रत्येक इलाख्याने आपापली ठरविली. मद्रास इलाख्यात शिक्षकांच्या पगारास हातभार लावण्याची प्रथा पडली. मुंबई इलाख्याने निकालानुसार अनुदानाचा मार्ग धरला. इंग्लंडात रॉबर्ट लो याने १८६२ साली हीच रीत प्राथमिक शाळांना लावली होती. वर्षातून एकदा इन्स्पेक्टर येई, वाचन, लेखन व अंकगणित या विषयांत एकेका मुलाची परीक्षा घेई, आणि उतरलेल्यांच्या संख्येवर शाळेची रक्कम ठरे. हिशेब सोपा होता व सरकारी पैसा वाया जात नाही असे दाखविता येत होते. या दोन गुणांमुळेच ती रीत राज्यकर्त्यांना प्रिय झाली. स्वतः शाळा-तपासनीस असलेल्या मॅथ्यू आर्नोल्डने मात्र तिच्यावर प्रखर टीका केली. शिक्षक मुलाला शिकवीत नाही, परीक्षेसाठी तयार करतो, असा त्याच्या टीकेचा आशय होता.

आता इगतपुरीकडे वळू. नाशिक जिल्ह्याचे 'देश' व 'डांग' असे दोन भाग जुन्या काळापासून मानले जातात, व सह्याद्रीच्या माथ्यावरील इगतपुरी डांगात मोडते. येथे वर्षाकाठी शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. भात, नागली व वरई ही पिके, आणि महादेव कोळी, ठाकूर इत्यादी जमातींच्या विखुरलेल्या वाड्या, हे या तालुक्याचे रूप होय. १८६५ च्या आरंभी थळ घाटाचा लोहमार्ग खुला झाल्यावर इगतपुरी गाव रेल्वेचे ठाणे म्हणून वाढले. अशा रीतीने पगारदारांचे गाव व शेतमजुरी करणाऱ्या वाड्या एकाच तालुक्यात शेजारी शेजारी आल्या.

अशा मुलखात निकालाचे माप कसे चालेल, हे समजणे अवघड नाही. आवणीच्या दिवसांत लहान मूलही शेतावर लागते. ओढ्यांना पूर आला की वाट बंद होते, आणि सुगीनंतर कुटुंबे मजुरीच्या शोधात खाली उतरतात. ज्याची हजेरी तुटली त्याचा निकाल बुडाला, व त्याच्यासाठी वेचलेले श्रम शिक्षकाच्या हिशेबात शून्य ठरले. त्यामुळे परीक्षेत उतरेल असेच मूल जवळ करणे शाळेच्या फायद्याचे होते. शिवाय ही रीत चालू शाळेलाच लाभदायक होती. आधी पदरचे खर्चून शाळा उभारायची व नंतर निकाल दाखवून पैसे मिळवायचे, हे शहरातील संस्थांना साधले; वाडीवर तशी संस्थाच नव्हती.

उरला लोकल फंडाचा आधार. १८६३ पासून शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा पट्टी बसविण्यात आली व तिचा तिसरा हिस्सा शिक्षणाकडे गेला. १८६९ साली तिला कायद्याचे रूप मिळाले. पट्टी साऱ्यावर असल्याने तिचा भार पडे तो कुणब्यावर, रेल्वेच्या पगारावर नव्हे. आणि जेथे जमीन हलकी तेथे पट्टीचे उत्पन्नही अल्प. खेड्यांतून गोळा झालेला हा पैसा गावठाणांच्या व शहरांच्या शाळांवर खर्च होऊ नये, यासाठी दोन्ही निधी वेगळे ठेवावेत, अशी शिफारस हंटर आयोगाला करावी लागली. त्याच आयोगापुढे १९ ऑक्टोबर १८८२ च्या निवेदनात जोतीराव फुले यांनी या प्रश्नाच्या मुळावर बोट ठेवले. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो, परंतु शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना मिळतो, असे त्यांचे म्हणणे होते. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे, आणि ज्यांच्यात विद्येचा प्रसार झालेला नाही अशा वर्गांना शिष्यवृत्त्या द्याव्यात, असे त्यांनी सुचविले. पैसा गरजेच्या दिशेने वाहावा, हे त्यांचे माप निकालाच्या मापाच्या नेमके उलट होते.

मार्च १९०४ च्या ठरावात हिंदुस्थान सरकारने निकालानुसार अनुदानाची रीत सोडून देण्याचे धोरण जाहीर केले. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण स्थानिक मंडळांकडे, आणि १९६२ पासून ते जिल्हा परिषदांकडे आले. १९५३-५४ पासून आश्रमशाळांची योजना सुरू झाली. वाडीवरच्या मुलासाठी निवास व अन्न हाच शिक्षणाचा खर्च आहे, हे तिने प्रथमच मान्य केले.

तरीही मापाचा प्रश्न संपला नाही. निकालाच्या जागी पटसंख्या आली. २०१७ साली राज्यात दहापर्यंत पट असलेल्या सुमारे १३०० शाळा बंद करून त्यांतील मुले जवळच्या शाळेत पाठविण्याचा निर्णय झाला. वास्तविक, शिक्षणहक्क कायद्याखालील राज्याच्या नियमांनी प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असे ठरविलेले आहे. इगतपुरी तालुक्यात भाम धरणाच्या परिसरातील दरेवाडीची शाळा बंद झाली, तेव्हा २०२२ साली तेथील मुलांनी शेळ्या घेऊन नाशिकच्या जिल्हा परिषदेवर मोर्चा नेला. दप्तर घ्या आणि शेळ्या द्या, ही त्यांची मागणी होती. शाळा नसेल तर मूल कोठे जाते, याचे उत्तर त्या मागणीतच होते.

निकाल व पट ही दोन्ही मापे हिशेबास सोयीची आहेत, व दोहोंचा दोषही एकच आहे. शाळेला अनुकूल परिस्थिती लाभली की नाही हे ती मोजतात, आणि त्या परिस्थितीचे श्रेय वा दोष शाळेच्या माथी मारतात. पावसाने व दारिद्र्याने ज्या शाळेचे काम अवघड केले, तिच्यावर एकेका मुलामागे अधिक खर्च येणारच. तो खर्च उधळपट्टी म्हणून मोजला गेला की डांगातील शाळा प्रथम दुबळी ठरते व मग बंद पडते. निकालानुसार अनुदानाच्या इतिहासाचा हाच धडा आहे, आणि ती रीत सोडून शतक उलटले तरी तो पुरता शिकला गेलेला नाही.