कॅमेरा सर्वांत शेवटी बदला

वन्यजीव संवर्धनासाठी माहितीपट करणाऱ्यांत एकांडे शिलेदार बरेच आढळतात. चित्रीकरण, ध्वनिमुद्रण, गाडी चालवणे, परवानगीसाठी वनखात्यात खेटे घालणे आणि रात्री मुक्कामी बॅटऱ्या चार्ज करणे, ही सारी कामे एकाच माणसाची. अशा चित्रकर्त्याच्या गाठीशी लाख-दोन लाख रुपये जमले, की पहिला विचार येतो तो नव्या कॅमेऱ्याचा. बहुतेक वेळा तो घाईचा ठरतो.

संवर्धनपटाचे काम पुराव्याचे असते, हे आधी ध्यानात घ्यायला हवे. चेन्नईचे शेखर दत्तात्री यांनी कुद्रेमुख राष्ट्रीय उद्यानातील लोहखनिजाच्या खाणीवर २००१ मध्ये ‘माइंडलेस मायनिंग’ हा छोटा माहितीपट केला. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००२ मध्ये खाण बंद करण्याचा आदेश दिला आणि २००५ अखेर खाणकाम थांबले. लढाई अर्थातच न्यायालयात लढली गेली. पण खरवडलेले डोंगर आणि भद्रा नदीत उतरणारा गाळ लोकांना दिसला तो पडद्यावर. माइक पांडे यांचा गुजरात किनाऱ्यावरील देवमाशी मुशीच्या शिकारीवरचा ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ २००० सालचा. २००१ मध्ये या माशाला कायद्याचे संरक्षण मिळाले. हे दोन्ही माहितीपट आजच्या फोर-के कॅमेऱ्यांच्या कितीतरी आधीचे आहेत.

पहिला खर्च आवाजावर करावा. दृश्य किंचित धूसर असले तर प्रेक्षक खपवून घेतो. मात्र गावकऱ्याची साक्ष वाऱ्याच्या घोंगावण्यात बुडाली, तर ती साक्षच उरत नाही. कॅमेऱ्यावरचा अंगचा माइक वारा, हाताचा स्पर्श आणि लेन्सच्या मोटरची घरघर इमानाने टिपतो! केसाळ वारारोधक आवरण असलेला शॉटगन माइक आणि मुलाखतीसाठी कॉलरला लावायचा छोटा माइक एवढ्याने मोठा फरक पडतो. ३२ बिट फ्लोट पद्धतीचे लहान रेकॉर्डर तर एकट्या माणसासाठीच जणू बनले आहेत. आवाजाची पातळी पुष्कळशी नंतर संकलनात सावरता येत असल्याने चित्रीकरण करताना काट्याकडे डोळे लावून बसावे लागत नाही.

त्यानंतर ट्रायपॉड. स्थिरचित्रांसाठीचे बॉल हेड व्हिडिओला कुचकामी असते. ५०० मिलिमीटरच्या लेन्सवर बोटाचा धक्काही भूकंपासारखा दिसतो. तेथे चांगले फ्लुइड हेडच हवे. जीपमध्ये कापडी पिशवी पुरते. ती रिकामी न्यावी आणि मुक्कामी तांदळाने भरावी.

लेन्स ही दीर्घ मुदतीची गुंतवणूक आहे. बॉडी चार-पाच वर्षांत जुनी वाटू लागते, उत्तम लेन्स मात्र दोन-तीन बॉडींना पुरते. मायक्रो फोर थर्ड्स कॅमेऱ्यावर ४०० मिलिमीटरची लेन्स फुल फ्रेमवरील ८०० मिलिमीटरइतके दृश्य देते. खांद्यावरचे ओझेही घटते. सह्याद्रीतील दाट झाडीत संध्याकाळी मात्र लहान सेन्सर लवकर हार मानतो. जुनी लेन्स घेताना आतून टॉर्च मारून बुरशी पाहावी. आपल्याकडच्या पावसाळ्यात हवाबंद डबा आणि सिलिका जेल ही चैन नव्हे.

खरा हिशेब चुकतो तो साठवणुकीत. मिनी-डीव्ही टेपवरील तासाभराचे चित्रण संगणकावर सुमारे १३ गिगाबाइट जागा घेई. सेकंदाला १०० मेगाबिट वेगाने चित्रित केलेले फोर-के तासाला ४५ गिगाबाइट घेते आणि ४०० मेगाबिटला हाच आकडा १८० वर जातो. प्रत्येक फाइलच्या किमान दोन प्रती, त्याही वेगवेगळ्या डिस्कवर, हा नियम पाळायचा तर नव्या कॅमेऱ्यामागे कार्ड, डिस्क आणि बहुधा संगणकही बदलावा लागतो. दुकानातील किमतीच्या फलकावर यांपैकी काहीही लिहिलेले नसते.

मग बॉडी कधी बदलावी? निशाचर बेडकांचे चित्रण दाणेदार येते, वाहिनी दहा बिट रंगांची अट घालते किंवा प्री-रेकॉर्डची गरज भासते तेव्हा. या शेवटच्या सोयीत बटण दाबण्यापूर्वीचे काही सेकंदही कॅमेरा जपून ठेवतो. धनेशाचा नर ढोलीतील मादीला भरवायला अवचित येतो, तेव्हा तिचे मोल कळते. निवडलेला कॅमेरा आधी दोन दिवस भाड्याने घेऊन जंगलात वापरून पाहावा. मुंबईत अंधेरी परिसरात अशी सोय आहे.

जुनी बॉडी विकण्याची घाई नको. मुलाखतीच्या वेळी ती ट्रायपॉडवर रुंद कोनात लावून ठेवली, तर एकट्या चित्रकर्त्याला संकलनासाठी दुसरा कोन आपसूक मिळतो.