बेसिनखालचं चार बोटं पाणी

लंडनच्या बाँड स्ट्रीटवर घड्याळं बनवणाऱ्या अलेक्झांडर कमिंगने १७७५ साली शौचकूपाचं पेटंट घेतलं. भांड्याखालची नळी त्याने इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी वळवली होती. पाणी ओतलं की ते पुढे निघून जाई, थोडंसं मात्र वळणात उरे, आणि गटारातली दुर्गंधी त्या उरलेल्या पाण्यापाशी अडे. आज प्रत्येक बेसिनखाली बसणाऱ्या ट्रॅपचं काम याच युक्तीवर चालतं.

युक्ती साधी असली तरी ती घरोघरी नीट पोचायला शंभर वर्षं लागली. इंग्लंडचे प्लंबर शिशाचे पत्रे जोडून ‘डी’ आकाराचे ट्रॅप बनवत राहिले. त्यांच्या कोपऱ्यांत मळ साचून कुजे, म्हणजे घाण अडवणारी वस्तूच घाणीचं कोठार होई. एस. स्टीव्हन्स हेलियर या लंडनच्या प्लंबरने १८७७ च्या आपल्या पुस्तकात या ट्रॅपवर कडाडून हल्ला चढवला. स्वतः कारागीर असलेल्या माणसाने आपल्याच धंद्याची जुनी सवय मोडून काढायला लेखणी उचलावी, ही मोठी गोष्ट होती.

तोवर लोक धास्तावलेलेही होते. १८७१ मध्ये स्कारबरोच्या एका हवेलीत राहून आल्यावर इंग्लंडचा युवराज विषमज्वराने मरता मरता वाचला. तिथेच पाहुणा असलेला अर्ल ऑफ चेस्टरफील्ड दगावला. संशय गेला तो हवेलीच्या गटारांतून येणाऱ्या वायूवर. विषमज्वर वायूने नव्हे, दूषित अन्नपाण्यातून पसरतो. पण त्या चुकीच्या समजुतीपायी घरोघरच्या मोऱ्या तपासल्या गेल्या, आणि झोपण्याच्या खोल्यांत हौसेने बसवलेली बेसिनं अनेकांनी उखडून टाकली.

‘एस’ वळणातही खोट होती. भरलेलं बेसिन एकदम रिकामं झालं की जोराच्या ओघाबरोबर वळणातलं पाणीही खेचलं जाई. म्हणून हवेसाठी वेगळी नळी आली आणि आडवा भिंतीत शिरणारा ‘पी’ ट्रॅप रूढ झाला. पण बेसिनखाली कपाट असेल, भिंत जवळ असेल, तर तेवढंही वळण मावत नाही. तिथे बॉटल ट्रॅप लागतो. हे एक उभं भांडं असतं. मधल्या नळीतून पाणी खाली उतरतं, तिच्या बाहेरून वर चढतं आणि कडेच्या तोंडातून भिंतीत जातं. आत साधारण ५० ते ७५ मिलिमीटर पाणी कायम उभं राहतं. केस आणि साबण याच्याही तळाशी बसतात, म्हणजे हेलियरची तक्रार इथेही लागू पडते. फरक इतकाच की याचा तळ हाताने फिरवून काढता येतो. मात्र ट्रॅप कपाटाच्या फळीला टेकवून बसवला, तर हा फायदाच जातो. खाली हात जाईल एवढी मोकळी जागा सोडायलाच हवी.

ट्रॅपमधलं पाणी आटलं तर काय होतं, ते २००३ मध्ये हाँगकाँगला दिसलं. अॅमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्सचे तीनशेहून अधिक रुग्ण निघाले. न्हाणीघरांच्या जमिनीतले ट्रॅप कोरडे पडले होते. हवा बाहेर फेकणारे पंखे सुरू झाले की सांडपाण्याच्या नळातले विषाणूयुक्त तुषार घरात ओढले जात, असा निष्कर्ष तपासात निघाला.

त्यानंतर हाँगकाँगच्या सरकारी घरबांधणीत बेसिनचं पाणी जमिनीतल्या ट्रॅपमधून नेणारी रचना आली. रोज तोंड धुतलं की तो ट्रॅप आपोआप भरतो. आपल्याकडच्या अनेक फ्लॅटांमध्येही बेसिनचा पाइप न्हाणीच्या जमिनीतल्या ‘नहाणी ट्रॅप’च्या बाजूच्या तोंडाला जोडलेला असतो, आणि महिनोन्‌महिने बादलीभर पाणी न पडलेल्या न्हाणीतही त्याचं पाणी आटत नाही.