दिवाळीनंतरची परीक्षा

आधी तीन तारखा बघा. १३ नोव्हेंबर २०१७, १२ नोव्हेंबर २०२१ आणि ४ डिसेंबर २०२४. या तीन दिवशी देशभरच्या निवडक शाळांमध्ये मुलांना काय येतं, ते मोजलं गेलं. पहिल्या दोन वेळी चाचणीचं नाव होतं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण, तिसऱ्या वेळी परख. निकाल लागले की कुठलं राज्य वर गेलं, कुठला जिल्हा घसरला, याच्या बातम्या होतात. माझं लक्ष मात्र तारखांपाशीच अडतं. तिन्ही तारखा दिवाळीनंतरच्या आहेत.

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत अनेक शाळांच्या हजेरीचे दोन भाग पडतात, दिवाळीआधीचा आणि दिवाळीनंतरचा. भातकापणी उरकली की कातकरी वाड्यांमधली कितीतरी कुटुंबं वीटभट्टीवर नाहीतर कोळसा पाडायला निघतात. अडीनडीला मालकाकडून उचल घेतलेली असते, ती अंगमेहनतीने फेडायची असते. नवरा-बायको जोडीने विटा पाडतात. मुलं विटा उलटतात, धाकट्या भावंडाला सांभाळतात. परतायचं ते पावसाच्या तोंडावर. तोवर पटावर नाव असतं, पण मूल वर्गात नसतं.

आता एक साधं गणित करू. समजा, वर्गाच्या पटावर वीस मुलं आहेत आणि त्यांतल्या बारा जणांना नीट वाचता येतं. म्हणजे साठ टक्के. दिवाळीनंतर न वाचता येणारी पाच मुलं भट्टीवर गेली. आता पंधरांपैकी बारा, म्हणजे ऐंशी टक्के. एकही मूल नवं काही शिकलेलं नाही, तरी शाळा वीस टक्क्यांनी पुढे गेली! वर्गात हजर असलेल्या मुलांचीच परीक्षा घेणारी कुठलीही चाचणी या गणितातून सुटत नाही.

हा घोळ आजचा नाही. इंग्लंडमध्ये १८६२ साली ‘निकाल तसे पैसे’ अशी पद्धत सुरू झाली. इन्स्पेक्टर यायचा, एकेका मुलाचं वाचन, लेखन, हिशेब तपासायचा आणि त्यावर शाळेचं अनुदान ठरायचं. पुढे मुंबई इलाख्यातही खाजगी शाळांच्या अनुदानात हेच तत्त्व आलं. ज्या मुलाच्या उत्तरावर पैसे मिळतात, ते मूल शाळेला हवंसं होतं. ज्याच्यामुळे काहीच मिळणार नाही, त्याच्यावर मेहनत कोण घेणार?

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा, ही त्यातली मागणी आपल्याला शाळेपासून माहीत असते. पण त्याच निवेदनात आणखी दोन मुद्दे आहेत. पहिला तपासणीचा. डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येऊन गेल्याने काही साधत नाही, निदान दर तीन महिन्यांनी तपासणी व्हावी, आणि अधूनमधून आगाऊ न कळवताही शाळेत जावं, असं त्यांनी सुचवलं. दुसरा मुद्दा शिष्यवृत्तीचा. चुरशीच्या परीक्षेतून शिष्यवृत्ती देणं वरवर न्याय्य वाटतं, पण तिचा लाभ शिक्षणाची गोडी आधीच लागलेल्या जातींना होतो. म्हणून काही शिष्यवृत्त्या शिक्षण न पोचलेल्या वर्गांसाठी ठेवा, असं त्यांचं म्हणणं होतं.

हा दुसरा मुद्दा मला आजही ताजा वाटतो. १९५४-५५ पासून महाराष्ट्रात चौथी आणि सातवीची शिष्यवृत्ती परीक्षा सुरू झाली. २०१६-१७ मध्ये ती पाचवी-आठवीला नेली. या परीक्षेने गावोगावच्या मुलांना खूप काही दिलं, हे मान्यच करायला हवं. आपल्या शाळेबाहेरच्या कुणीतरी काढलेली प्रश्नपत्रिका अनेकांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली ती इथेच. गुरुजी-बाई सकाळी लवकर येऊन जादा तास घेत, यादीत आलेल्यांची नावं फळ्यावर लिहीत. पण ही परीक्षा ऐच्छिक. तिला बसतात ती बहुधा जमेल असं वाटणारी मुलं. त्यामुळे ‘आमच्या शाळेचा शिष्यवृत्तीचा निकाल’ म्हणजे निवडलेल्यांचा निकाल. शिवाय बहुतेक वर्षी ती फेब्रुवारीत होते, भट्टीचं काम जोरात असतं तेव्हा.

२००५ मध्ये ‘प्रथम’ संस्थेच्या असर पाहणीने एक मोठी गोष्ट केली. मुलांना तपासायला ती शाळेऐवजी घरी गेली. उंबऱ्यात बसून मुलाला दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला दिला. मूल शाळेत जातं की नाही, हजर होतं की नाही, याचा प्रश्नच उरला नाही. वरच्या वर्गातल्या कितीतरी मुलांना तो उतारा वाचता येत नाही, हे देशाला त्यातून कळलं. पण कुटुंबच भट्टीवर असेल तर घराला कडी असते. घरी जाणारी पाहणीसुद्धा तिथून परत फिरते.

२२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ निर्णयाने प्रत्येक मूल शिकलं पाहिजे, असं ठरवलं. सत्राच्या सुरुवातीला पायाभूत चाचणी, पुढे संकलित चाचण्या आणि त्याच मुलाची प्रगती पाहायची, अशी रचना होती. कल्पना चांगली. पण पावसाळ्यात पहिली चाचणी दिलेलं कातकरी मूल शेवटच्या चाचणीला जागेवर असेल, याची खात्री कोण देणार? त्यात घरी कातकरी बोली आणि पेपर प्रमाण मराठीत. पाच महिने ती भाषा कानावर पडली नाही, तर जूनमध्ये अक्षरांशी पुन्हा नव्याने ओळख करावी लागते.

यावर उपाय कुणी केलेच नाहीत असं नाही. वसईकडे विधायक संसदेने १९९०च्या दशकात भोंगाशाळा चालवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरच्या मजुराची झोपडी. मूल शाळेत येत नाही तर शाळा मुलाकडे न्यायची, इतका सरळ विचार. सरकारनेही स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड काढलं, म्हणजे जिथे जाईल तिथल्या शाळेत मूल बसू शकेल.

आता तर परीक्षा थेट मुलाच्या अंगावर येते आहे. २०२३ मध्ये राज्याने पाचवी-आठवीची वार्षिक परीक्षा परत आणली. नापास झालं तर फेरपरीक्षा, तिथेही नापास झालं तर तोच वर्ग. एप्रिलमध्ये भट्टीवर असलेल्या पोराला हा नियम कसा लागणार, हा प्रश्न इथल्या वाड्यांचा आहे.

चाचण्या बंद करा, असं मी म्हणणार नाही. न मोजलेलं मूल विसरलं जाणं आणखी सोपं. पण प्रत्येक निकालाशेजारी आणखी दोन आकडे छापायला हवेत: पटावर किती आणि परीक्षेला किती. मधली मुलं कुठे गेली, हे त्या दिवशी शाळेने जाऊन बघावं. आणि एखादी चाचणी ऑगस्टमध्ये घ्यावी, लावणी उरकलेली असते आणि वाडी भरलेली असते तेव्हा. टक्के बहुतेक खाली येतील. पण ते सगळ्या वर्गाचे असतील.