थळ घाट

थळ घाट (कसारा घाट) : ठाणे जिल्ह्याचा शहापूर तालुका आणि नाशिक जिल्ह्याचा इगतपुरी तालुका यांना जोडणारी सह्याद्रीतील घाटवाट. पायथ्याला कसारा, माथ्यावर इगतपुरी. या दोन स्थानकांमधील अंतर लोहमार्गाने सुमारे १६ किमी. असून उंचीत सुमारे ३०० मी.चा फरक पडतो. मुंबईहून हावड्याला जाणारे दोन्ही जुने लोहमार्ग, म्हणजे नागपूरवरून जाणारा आणि जबलपूर–प्रयागराजवरून (पूर्वीचे अलाहाबाद) जाणारा, याच घाटाने वर चढतात. घाटमाथा हा जलविभाजकही आहे. पश्चिम उताराचे पाणी भातसा नदीतून उल्हासला मिळून अरबी समुद्राला जाते, तर इगतपुरीच्या पूर्वेचे दारणा आणि गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागराला. हावड्याची गाडी आणि दारणेचे पाणी, दोघांची दिशा इथून पुढे एकच.

घाट प्राचीन आहे. सोपारा आणि कल्याण या बंदरांतला माल नाशिककडे नेणारी वाट सह्याद्री ओलांडत होती ती याच भागात. त्या वाटेवर बैलांचे तांडे चालत. पुढे मुंबई–आग्रा रस्ता याच खिंडीतून गेला आणि राष्ट्रीय महामार्ग क्र. ३ म्हणून ओळखला गेला. आज जुना आणि नवा असे दोन घाटरस्ते आहेत आणि चढणीची वाहतूक उतरणीपासून वेगळी काढलेली आहे.

लोहमार्ग हा या घाटाचा सर्वांत ज्ञात भाग असल्यामुळे त्याविषयी थोडक्यात. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने बोरघाट १८६३ मध्ये आणि थळ घाट १८६५ मध्ये खुला केला. दोन्हींची आखणी कंपनीचे मुख्य अभियंते जेम्स बर्कली यांची. १८६२ मध्ये निधन झाल्याने त्यांना यांपैकी एकही पुरा झालेला पाहता आला नाही. चढण ३७ मी.ला १ मी. अशी तीव्र आहे. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे ढकलणारी जादा इंजिने (बँकर) लागतात आणि इगतपुरीला ती सुटतात. उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक इगतपुरीला तपासले जातात. तरीही एखादी गाडी ताब्याबाहेर गेलीच, तर तिला अडवण्यासाठी चढावर नेऊन सोडलेले बाजूचे रूळ आहेत. १८७० मध्ये जबलपूरपाशी दोन कंपन्यांचे रूळ जुळले आणि मुंबई–हावडा सलग प्रवास सुरू झाला.

गाडीतल्या प्रवाशाला मात्र घाट तुकड्यातुकड्यांनी दिसतो : बोगदा, दरी, पुन्हा बोगदा. रस्त्याने पायी किंवा सायकलने जाणाऱ्याला तो सलग वाचता येतो, आणि वाचण्याजोगे इथे पुष्कळ आहे. रस्ता खोदताना उघडे पडलेले कडे म्हणजे दख्खनच्या लाव्ह्याचे एकावर एक थर होत. भूशास्त्रज्ञांनी या स्तरसमूहांपैकी एकाला इगतपुरीचे नाव दिले आहे, तर फेल्डस्पारचे मोठमोठे स्फटिक असलेल्या बेसाल्टच्या एका थराला थळ घाटाचे. असे पांढरट स्फटिक काळ्या दगडात नुसत्या डोळ्यांनी दिसतात. त्यासाठी फक्त वेग ताशी दहा किमी.च्या आत हवा. तो सायकलस्वाराला चढावर आपोआप मिळतो.

सायकलस्वारांच्या हिशेबात हा घाट मध्यम प्रतीचा आहे. चढ लांबत जातो, पण अंगावर येत नाही. हलका गिअर टाकून एका लयीत पायडल मारणारा नवखाही तो पुरा करतो. मुंबई, ठाणे आणि कल्याणहून निघालेले बहुतेक जण पायथ्याच्या लतीफवाडीतील ढाब्यांवर चहा घेऊन घाटाला लागतात. नाशिककरांना उलट आधी उतार आणि परतताना चढ. नाशिकमध्ये सायकलिंग चांगलेच रुजलेले आहे. तिथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या गटात ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किमी.ची शर्यत पूर्ण केली, तेव्हा ते देशाला कळले.

धोका चढात नसून उतारात आहे. घाटातील एका वळणाला वाहनचालकांनी ‘ब्रेकफेल पॉइंट’ असे नावच देऊन टाकले आहे. न्हावा-शेवा बंदराकडे जाणारे कंटेनर, मुंबईचा भाजीपाला आणि दूध नेणाऱ्या गाड्या रात्रंदिवस चालू असतात. पावसाळ्यात त्यात दाट धुके, ओला रस्ता आणि दरडी यांची भर पडते. रस्त्याला तडे जाऊन एक बाजू बंद ठेवावी लागल्याचे प्रसंगही आहेत. उतारावर ब्रेक सतत दाबून न धरता थांबून थांबून लावावा, मागे तांबडा दिवा असावा आणि पहाट फुटताच घाट ओलांडावा, एवढे पाळले तर सप्टेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

पायी चालणाऱ्यांचा इतिहास सायकलपेक्षा कितीतरी मोठा आणि सहलींशी त्याचा संबंध थोडाच. रामनवमीच्या सुमारास मुंबई–ठाण्याहून शिर्डीला निघणाऱ्या पालख्या हा घाट चढून घोटी–सिन्नरकडे वळतात. पालखीबरोबर पाण्याचा टँकर आणि सामानाचा टेम्पो, तळपायाला फोडांवरच्या पट्ट्या आणि रस्त्याच्या कडेने एकामागे एक चालणारे पदयात्री, असा हा चढ असतो. मार्च २०१८ मध्ये अखिल भारतीय किसान सभेचा मोर्चा उलट्या दिशेने उतरला. ६ मार्चला नाशिकहून निघालेले हजारो शेतकरी सुमारे १८० किमी. चालून १२ मार्चला मुंबईच्या आझाद मैदानावर पोहोचले. त्यांत बहुसंख्य आदिवासी होते आणि कसत असलेली वनजमीन नावावर व्हावी ही त्यांची मुख्य मागणी होती. दहावीच्या परीक्षार्थींना अडचण नको म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रातोरात चालून संपवला. लाल टोप्या आणि झेंड्यांची घाटाच्या वळणांवरून उतरणारी रांग देशभरच्या वर्तमानपत्रांत छापली गेली. थळ घाटाची एवढी छायाचित्रे त्याआधी क्वचितच कुणी पाहिली असतील. २०२३ च्या मार्चमध्ये दिंडोरीहून निघालेला दुसरा मोर्चा घाट उतरून वाशिंदला थांबला आणि तिथूनच परतला.

या दोन मोर्चांच्या मधल्या काळात, २०२० च्या टाळेबंदीत, मुंबई परिसरातले मजूर उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशाकडे निघाले ते याच चढणीने. कुणी पायी, कुणी जुन्या सायकलवर बोचके बांधून, कुणी रिक्षाने. एरवी शनिवार–रविवारी छंद म्हणून चढला जाणारा हा घाट त्या मे महिन्यात त्यांच्यापुढे गावच्या वाटेवरचा पहिला मोठा अडथळा होता. स्थलवर्णनात ही नोंद क्वचित सापडते; ती असायला हवी.

डोंगरभटक्यांना कसारा ठाऊक आहे ते मुख्यतः उपनगरी रेल्वेचे शेवटचे स्थानक म्हणून (मुंबईपासून सुमारे १२१ किमी.). शुक्रवार–शनिवारच्या रात्री शेवटच्या कसारा लोकलने पाठपिशव्या घेतलेले गट उतरतात आणि जीप धरून कळसूबाई (१,६४६ मी.), रतनगड किंवा अलंग–मदन–कुलंगच्या पायथ्याकडे जातात. घाटालाच लागून असलेली ठिकाणे त्यामानाने दुर्लक्षित आहेत. माथ्यावर घाटनदेवीचे मंदिर आणि त्यापुढे उंट दरी. जवळच त्रिंगलवाडीचा किल्ला, ज्याच्या पायथ्याशी जैन लेणे आहे. जव्हार फाट्यावरून खोडाळ्याच्या बाजूला गेल्यास विहीगावचा धबधबा लागतो. २००१ च्या ‘अशोका’ चित्रपटानंतर त्याला लोक त्याच नावाने ओळखू लागले. पावसाळी सुट्टीच्या दिवशी तिथली गर्दी पाहता शनिवार–रविवार टाळलेलाच बरा. इगतपुरीतील धम्मगिरी हे विपश्यना केंद्र १९७६ पासून चालू आहे.

जून २०२५ मध्ये मुंबई–नागपूर समृद्धी महामार्गाचा इगतपुरी–आमणे हा शेवटचा ७६ किमी.चा टप्पा खुला झाला. त्यावरील जुळे बोगदे सुमारे ७.८ किमी. लांब असून मोटारी ते काही मिनिटांत पार करतात. दुचाकी, सायकल आणि पादचाऱ्यांना त्या मार्गावर बंदी आहे, त्यामुळे त्यांच्यासाठी जुना आणि नवा कसारा घाट हेच रस्ते आहेत.