श्रीरामपूरची आग

कलकत्त्याच्या उत्तरेस हुगळीकाठी असलेल्या श्रीरामपूरशी मराठी भाषेचा जुना ऋणानुबंध आहे. फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकविणारा विल्यम कॅरी याने वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने रचलेले मराठी व्याकरण १८०५ साली, आणि मोडी टाइपातला कोश १८१० साली, येथल्याच मिशन छापखान्यात छापला गेला.

११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी हा छापखाना पेटला. छापखान्याची व्यवस्था पाहणाऱ्या विल्यम वॉर्डने दारेखिडक्या बंद करून वारा कोंडला व छपरातून पाणी ओतविले. आग जवळजवळ आटोक्यात आली असता कोणीतरी खिडकी उघडली आणि ज्वाला भडकल्या. मध्यरात्रीच्या सुमारास छप्पर कोसळले. कागद, अनेक लिप्यांचे टाइप, हस्तलिखिते आणि संस्कृत व तिच्याशी संबद्ध भाषांचा कॅरीने जुळवीत आणलेला बहुभाषी कोश भस्मसात झाला. दुसऱ्या दिवशी मार्शमनने कलकत्त्यास जाऊन कॅरीला ही वार्ता सांगितली.

त्या रविवारी कॅरीने प्रवचनासाठी शेहेचाळिसावे स्तोत्र निवडले. देव आश्रय आहे असे सांगणारे हे स्तोत्र पुढे मनुष्याला स्तब्ध होऊन त्याचे देवपण ओळखण्याची आज्ञा करते. कॅरीचे प्रतिपादन दोन अंगांचे होते: आपली हवी तशी वासलात लावण्याचा देवाला पूर्ण अधिकार आहे, आणि तो जे करील ते आपण मनापासून मान्य केले पाहिजे. देवाचे रक्षण म्हणजे घर न जळण्याची हमी, असे त्याने मानलेच नव्हते. कॅल्विनच्या परंपरेतल्या या बाप्टिस्टाला देवाची सत्ता सुखापुरती मानून भागणार नव्हते.

या तत्त्वापुढे मान लवते, पण माझे मन थोडे अडते. कॅरीचा पाच वर्षांचा मुलगा पीटर १७९४ साली उत्तर बंगालमध्ये दगावला. पत्नी डोरोथी त्यानंतर सावरली नाही. चित्तभ्रमात वर्षे कंठून ती १८०७ साली वारली. हिंदुस्थानात येण्यास ती प्रथम राजीही नव्हती. स्वेच्छेने स्वीकारलेल्या कार्याचे नुकसान ईश्वराधीन करणे आणि दुसऱ्याने निवडलेल्या वाटेवर मूल गमावणे, यांना एकाच मापाने मोजता येईल काय? प्रवचनाच्या त्या दोन अंगांत मला तरी डोरोथीसाठी जागा सापडत नाही.

कॅरीची शरणागती मात्र हातपाय गाळणारी नव्हती. राखेत अक्षरांचे पोलादी ठसे व साचे शाबूत सापडले. वितळलेले शिसे गोळा करून पंचानन कर्मकाराचा जावई मनोहर आणि इतर कारागीर नवे टाइप ओतू लागले. एकदा तुडविलेली वाट दुसऱ्या खेपेस सोपी जाते, अशा अर्थाचे कॅरीने लिहून ठेविले आहे. इंग्लंडात वार्ता पोचताच सुमारे पन्नास दिवसांत नुकसानीइतकी, म्हणजे दहा हजार पौंडांच्या आसपास, रक्कम जमली. १८१४ साली येथून मराठी ‘सिंहासनबत्तिशी’ बाहेर पडली, १८१५ साली ‘हितोपदेश’.

तो बहुभाषी कोश मात्र १८३४ साली कॅरी वारला तोवर पुरा झाला नाही.